जानकीबाईंचा माळा आणि महिपतीचा खडू

महिपती बहिणीच्या लग्नाला मुंबईहून आठवडाभर आधीच आला आणि आल्या आल्या माळा बघून त्याने नाक मुरडलं. सावित्री नदीचं पाणी पुरात घरात शिरतं, म्हणून महाडात मोलाचं सगळं माळ्यावर चढवतात. त्याच्या आईने, जानकीबाईंनी, बिनमोलाचंही चढवलं होतं. महिपती एका मोठ्या संस्थेत संगणकाच्या भाषा तयार करत होता. असा माणूस लग्नघरात आला की त्याला नारळ आणायला पिटाळावं, मोकळा सोडू नये. वडिलांनी, काशीरामांनी, सोडला.

"बाबा, संगणकाच्या पोटात खण असतात," तो त्यांना सांगू लागला. "प्रत्येक खणाला नंबर. एका खणात दुसऱ्या खणाचा नंबर लिहिलेला असला की समजायचं, हा त्याच्याकडे बोट दाखवतोय. बोटांमागून जात जिथपर्यंत पोचता येतं तेवढा माल ठेवायचा. ज्याच्याकडे कुणाचंच बोट नाही, तो कचरा."

"आमच्या कचेरीत कुणी बोट दाखवत नाय असे दोघं पेन्शनीपर्यंत टिकले," काशीराम म्हणाले.

पण मुलाच्या शिक्षणापुढे त्यांचं काय चालणार! महिपतीने खडू घेतला. काशीरामांनी छत्रीकडे बोट दाखवलं, नवऱ्या मुलीने, ललिताने, ट्रंकेकडे. ठेवायच्या म्हणून त्यांवर फुल्या पडल्या. जानकीबाई भाकऱ्या थापत होत्या.

"मला सगळंच लागतं," त्या म्हणाल्या.

"सगळं म्हणजे काहीच नाही, आई. एकेक वस्तू दाखव."

"तव्यावरची करपेल. जा तिकडं!"

हे उत्तर महिपतीच्या शास्त्रात बसेना, म्हणून त्याने ते धरलंच नाही. दुपारी पोलादपूरचा भंगारवाला सोनबा टेम्पो घेऊन आला आणि बिनफुलीचं सगळं घेऊन गेला. माळा असा मोकळा झाला की महिपतीला स्वतःचाच अभिमान वाटला.

तेवढ्यात जानकीबाई बाहेर आल्या, वर बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"मेल्या, ललिताचे दागिने होते रे त्यात!"

"कशात?"

"आता आठवत नाय. चोर ढुंकून बघायचा नाय अशा कशाततरी घातले. तुला बोट दाखवायला लपवले व्हते काय?"

ललिता रडायला लागली. साखरपुड्यात सासरच्यांनी एकेक दागिना डोळे भरून पाहिला होता. मोकळ्या गळ्याने बोहल्यावर उभं राहायचं म्हणजे लग्न राहिलंच. बापलेक मिळेल त्या एसटीने पोलादपूरला धावले.

सोनबाला खरं सांगावं, तर तो आधी स्वतः शोधणार. तेव्हा महिपतीने गंजलेल्या स्टोव्हला मिठी मारली.

"हा आमच्या आजीचा," तो गहिवरून म्हणाला.

"बरं, न्या. आणि ती फुटकी घागर?"

"तीही आजीचीच."

"पत्र्याचे डबे, बिनकानाची पातेली?"

"सगळं आजीचंच हो!"

सोनबाचे डोळे पाणावले. अशी माया त्याच्या धंद्यात कुणी कुणावर केलेली नव्हती. त्याने टेम्पो स्वतः भरून दिला आणि वर दोन बादल्या आणि सायकलचं एक चाकही टाकलं.

"हे आपलं नाय," काशीराम कुजबुजले.

"नक्की आठवतंय? नाही ना? मग राहू द्या. खणातला आकडा दुसऱ्या खणाचा नंबर आहे की नुसताच आकडा, हे कळलं नाही, तर यंत्रसुद्धा त्या नंबरचा खण टाकत नाही." आजीला सायकल येत होती का, असं सोनबाने विचारलं नाही, हे नशीब.

परत आल्यावर महिपतीने एकेक डबा उपडा केला, घागर हलवली, स्टोव्ह खोलून बघितला. काळी बोटं घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याला खरोखर रडू येत होतं.

"आई, दागिने कशातच नाहीत गं!"

जानकीबाई परत आलेलं मोठं पातेलं घासत होत्या.

"नसायचेच. सोनाराकडं हायत, पॉलिशला. परवा देतो म्हनालाय."

"मग तू सांगितलंस ते?"

"पाव्हन्यांना आंघोळीचं पाणी कशात तापवू, तुझ्या संगणकात? बोट दाखवलेलं ठेवायचं, असं तूच म्हनालास ना? मग दाखवलं."

खोटं बोट ओळखायची सोय महिपतीच्या यंत्रातही नव्हती.

"निदान सोनबाचं चाक तरी परत देऊ," काशीराम म्हणाले.

जानकीबाईंनी चाकाकडे नीट बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लागंल कधीतरी."