बगळेसाहेबांनी फोन सुधारला

एका जंगलात, बाळांनो, बिळाबिळात फोन होते. शेवट गोड आहे, आधीच सांगते. म्हणजे घास घशात अडकायला नको.

हे फोन इंटरनेटवर चालायचे. त्यांचा कारभार लांबच्या डोंगरावरून बगळेसाहेब बघायचे. एका पायावर उभं राहून बटण दाबलं, की साऱ्या जंगलाचे फोन बदलायचे. खाली यायची गरजच नाही.

त्या जंगलात फुली नावाची सशीण होती. तिला तीन पिल्लं. चरायला जाताना तिचा जीव बिळातच असायचा. म्हणून ती माळावरच्या पिंपळाखालच्या फोनवरून घरी रिंग द्यायची. पिल्लांना तिनं शिकवलं होतं, "फोन उचलायचा नाही. नुसत्या रिंगा मोजायच्या. एक वाजली तर आई आली, दारात या. दोन वाजल्या तर लांडगा आला, मागच्या भोकात शिरा."

एक दिवस फोनवर अक्षरं उमटली. 'नवीन सॉफ्टवेअर येत आहे. फोन बंद करू नये.'

फुलीनं लगेच डोंगरावर फोन लावला. "साहेब, आमचा बरा चाललाय हो. नका हात लावू."

"बाई, हात कोण लावतंय? मी इथं डोंगरावर."

"आणि बिघडला तर?"

"तर फोन करून कळवा."

"अहो, फोनच बिघडला तर?"

"तेच सांगतोय. फोन करून कळवा."

झालं. फोन तीनदा लुकलुकला आणि हिरवा झाला. बगळेसाहेबांनी आपल्या कचेरीची सेटिंग चुकून सगळ्या बिळांना पाठवली होती. आता पहिल्याच रिंगला फोन आपला आपण उचलला जायचा आणि मोठ्यानं बोलायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुली माळावर चरत होती. बघते तर लांडगा तिच्याच बिळाकडे निघालेला! ती पिंपळाखालच्या फोनकडे धावली. नंबर लावला.

एक रिंग वाजली. दुसरी वाजलीच नाही.

"आई आली!" म्हणत पिल्लं दाराकडे पळाली. बाहेर लांडगा जीभ काढून उभा.

"मागं फिरा रे!" फुली ओरडली. पण तिचा आवाज जाईचना. फोनमधली बाई आधी बोलून घेत होती.

"नमस्कार. आमचे सर्व अधिकारी कामात आहेत. आपण रांगेत सातवे आहात."

लांडगा थबकला.

"सातवा? माझ्या आधी सहा?"

"कृपया प्रतीक्षा करा."

"आणि तेही अधिकारी!" लांडगा पुटपुटला. "पिल्लं तीन. अधिकारी जेवून उठल्यावर मला काय, बिळाची माती?"

शेपूट पायात घालून तो गेला.

फुली धापा टाकत घरी आली. तिन्ही पिल्लांना पोटाशी धरून आधी पोटभर रडली, मग तिघांना एकेक धपाटा घातला. मग डोंगरावर फोन लावला.

"साहेब, जुनं परत द्या. माझी पिल्लं थोडक्यात वाचली."

"वाचली ना? म्हणजे लांडग्यावर चालतं. लिहून घेतो."

"अहो, ती त्या रांगेमुळे वाचली!"

"रांग? छे छे, रांगेचा लोकांना फार त्रास होतो. थांबा, काढून टाकतो."

फोन तीनदा लुकलुकला.

तात्पर्य: आपलं बरं चाललंय हे लांबच्या साहेबाला कधी कळू देऊ नये. तो लगेच ते सुधारतो. आणि त्यातूनही जीव वाचलाच, तर कशामुळे वाचला ते तरी सांगू नये.