नळावरचा कॅमेरा

चोराच्या भीतीनं लोक दाराला कॅमेरा लावतात. आमच्या कॉलनीतल्या पाठक साहेबांनी नळाला लावला. नळ तरी कोणता, तर आठ दिवसांतून एकदा पाऊण तास येणारा. बाकी सगळा वेळ तो कॅमेरा कोरड्या तोटीकडं टक लावून बसायचा.

मी त्या कॉलनीचा चावीवाला. लोखंडी चावीनं व्हॉल फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे माझं काम. शाळा दुसरीतच सुटली, पण कोणत्या पायपात किती पाणी आहे ते मी कान लावून सांगतो. इंजिनेरला नकाशा लागतो. ही कॉलनी उठली त्या रानात माझ्या बापाची मेंढरं बसायची. त्यामुळं बंगलेवाल्यांना 'साहेब' म्हणत असलो तरी मी त्यांच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवून म्हणतो.

पाठक साहेब कुठल्याशा हापिसात हेडक्लार्क होते. रिटायर झाले, पण हापिस त्यांच्यातून गेलं नाही. घरात एकटेच. दूध पातळ आलं की दूधवाल्याला म्हणणार, "याची नोंद घ्यावी." खिडकीतून मांजर आत आलं तर मांजरालाही तेच. त्यांच्या गल्लीचा व्हॉल नेमका त्यांच्या नळापाशी, त्यांच्या फाटकाच्या आत. म्हणून मी गेलो की हातात अर्ज तयार. विषय, पाणी अकरा मिनिटं उशिरा सोडल्याबाबत.

"मला एवढं वाचता येत नाय साहेब."

"मग मी वाचतो. बसा."

वाचायला वेळ लागायचा, म्हणून चहा व्हायचा. मग मी तोंडी उत्तर द्यायचो, ते ते लिहून घ्यायचे आणि खाली माझी सही. एकदा मी सांगितलं, "लिहा, दुष्काळ हाय. धरणाचा तळ दिसतोय, इकडं शहराच्या कॉलन्या पार चितेगावच्या दिशेनं पळत सुटल्या. अकरा मिनिटं मी काय खिशात घालून नेली?" त्यांनी 'खिशात' शब्दाखाली रेघ मारली.

पुढं त्यांना तोंडी वादाचा कंटाळा आला म्हणे. "पुरावा पाहिजे, रंगनाथ. आता कॅमेराच बोलेल."

"लावा की. माझं थोबाड काय वाईट नाय."

अशी तीन वर्षं गेली. मग कॉलनीनं ठरवलं की व्हॉल बटणावर करायचा. बटण दाबलं की आपोआप फिरणार. रंगनाथची गरज संपली. माझी शेवटची पाळी शनिवारी होती. गुरुवारी पाठक साहेब चक्क माझ्या पत्र्याच्या घरी आले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

"रंगनाथ, कॉम्प्युटर भरला."

"भरला म्हणजे?"

"जागा शिल्लक नाही म्हणतो. कॅमेऱ्याचं चित्र त्यातच साठतं, तेही बंद पडलं. शनिवारच्या आत जागा झालीच पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. शेवटच्या दिवसाचाही पुरावा हवा होता या माणसाला! म्हटलं, "मग मेकॅनिक बघा. मी चावीवाला."

"पाणी कुठं जातं ते शोधायला तुमच्यासारखा माणूस नाही. जागाही कुठंतरी जातेच आहे."

खरं बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. गेलो.

साहेब चार दिवस आपले जुने अर्ज पुसत बसले होते. शेकड्यांनी पुसले, तरी जागा जैसे थे. मी विचारलं, "एक अर्ज केवढा?" ते केबी, एमबी, जीबी सांगू लागले. मी म्हटलं, माझ्या भाषेत सांगा. मग आमचं असं ठरलं की केबी म्हणजे चमचा, एमबी म्हणजे हंडा आणि जीबी म्हणजे टँकर.

"मग अर्ज म्हणजे चमचे," मी म्हटलं. "चमच्यानं टाकी उपसताय व्हय? आणि पुसलेले टाकले कुठं?"

"या टोपलीत."

"टोपली कुठं हाय?"

"इथंच. कॉम्प्युटरमध्ये."

"म्हणजे ह्या हंड्यातलं त्या हंड्यात!"

 साहेबांनी टोपली रिकामी केली. जागा झाली, पण चमचाभर.

पाणी चोरीला जातं तेव्हा मी घरोघर हिंडत नाही. मेन लाइनवर उभा राहतो. कोणती गल्ली जास्त ओढते ते बघतो, मग त्या गल्लीतलं घर. साहेबांना तसंच करायला लावलं. एकेका कप्प्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, तू केवढा? भजनं बारीक निघाली. फोटो मध्यम. 'पाणी' नावाचा कप्पा आला आणि साहेब त्याच्यावरून घाईनं पुढं सरकले.

"मागं या. तो केवढा?"

टाकीतला पाऊण भाग एकट्या 'पाणी'नं अडवला होता.

"कोरड्या तोटीची चित्रं एवढी? पुसा."

"कोरड्या दिवसांचं कॅमेरा स्वतःच पुसतो." साहेब चष्मा पुसू लागले. "हे महत्त्वाचं आहे. दुसरं काही शोधा."

"जास्त ओढणारी गल्ली हीच हाय. उघडा."

उघडेनात. अठरा वर्षं गंजके व्हॉल फिरवलेत मी, एक बटण काय जड होतं? दाबलं.

आत मीच. खांद्यावर चावी, व्हॉलला शिव्या देत. मग साहेब दोन कप घेऊन आले. मी पायरीवर, गुडघा चोळत. ते अर्ज वाचताहेत, मी हात उडवतोय, मग दोघंही हसतोय. दुसरं उघडलं, तर पुन्हा मी, स्वेटर घालून. तिसऱ्यात मी, मिशी काळी. पाणी पुढं अर्धा तास येत असायचं, पण मी फाटकाबाहेर पडलो की चित्र तोडलेलं.

"ह्यात तक्रारीचं काय हाय साहेब?"

"लावला होता तक्रारीसाठीच." ते पडद्याकडं बघत राहिले. "या घरात येऊन माझ्याशी एवढं भांडणारं दुसरं कुणी नाही. शनिवारचं शेवटचं. ते तेवढं ठेवायचं होतं."

  मी म्हटलं, "सगळ्यात जुना मी पुसा."

"नाही."

"पुसा. त्यात माझा सदरा फाटका हाय."

"आणि पुढं?"

"पुढं काय? बटण तुमचा अर्ज ऐकून घेणार हाय का? पुढच्या पाण्याला येतो की."

"पण नोकरी..."

"नोकरी गेली. चहा गेला काय?"

त्यांनी एक पुसलं.  मग माझ्याकडं बघत टोपली रिकामी केली आणि म्हणाले, "याची नोंद घ्यावी." आणखी तीन-चार 'मी' पुसून झाल्यावर शनिवारपुरती जागा झाली.

आता व्हॉल आपोआप फिरतो. तरी मी दर पाण्याला चावी खांद्यावर टाकून जातो. चावीशिवाय कॅमेरा मला ओळखायचा नाही. मागच्या खेपेला मला अकरा मिनिटं उशीर झाला. अर्ज तयार होता.