कॅप्टन कोसळला, कॅप्टन धावला

मुलाबेन गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन ग्लेन हॅसकेट वणव्याला भीत नसे, पुराला भीत नसे आणि साप तर (बायकोच्या मते उगाचच) शेपटी धरून पिशवीत घालत असे. त्याला भीती दोनच गोष्टींची. एक इंजेक्शनची सुई आणि दुसरी सासू. त्या गुरुवारी सरकारनं या दोन्हींची गाठ घालून दिली.

झालं असं, की त्याच्या बायकोच्या, कर्स्टीच्या मोबाइलवर निरोप आला. लेकीची, मॅबेलची, चौथ्या वर्षी द्यायची लस अजून नोंदलेली नाही, सबब सोमवारपासून पाळणाघरासाठी मिळणारी सरकारी मदत बंद.

"दोनदा पाठवलं होतं तुला!" कर्स्टी कडाडली.

"दोन्ही वेळा ऐन वेळी पेजर वाजला, त्याला मी काय करू? गाव जळू देऊ?"

दलाची वर्दी देणाऱ्या कमरेच्या त्या पेजरला तपासणीचं एक बारीकसं बटण होतं. दोन्ही वेळा ते कुणी दाबलं, हे फक्त ग्लेनला आणि मॅबेलला ठाऊक होतं. मॅबेलचं तोंड आइस्क्रीमनं बंद केलेलं होतं.

"उद्या नगरभवनात लस द्यायची शेवटची संधी आहे," कर्स्टी म्हणाली. "ती चुकली तर सोमवारपासून पोरीला आई सांभाळेल. मला लोण्याच्या कारखान्यातून सुट्टी मिळायची नाही."

आई म्हणजे ग्लेनच्या सासूबाई, मॉरीन. त्या नुसतं बोलावण्याची वाट बघत होत्या. आपली कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, त्यांनी गाडीला जोडूनच ठेवली होती. एकदा ती अंगणात शिरली की नाताळपर्यंत काही हलायची नाही, हा अनुभव ग्लेनच्या गाठीशी होता.

शुक्रवारी तो मॅबेलचा हात धरून नगरभवनात शिरला. आत बघतो तर चहा आणि स्कोन नावाच्या गोल पावांच्या टेबलामागे साक्षात मॉरीन!

"आलास?" त्या म्हणाल्या. "आज पेजर घरी राहिला वाटतं?"

"आहे ना. कमरेलाच आहे." (आणि आज तो खरोखर वाजावा म्हणून ग्लेन मनातल्या मनात देवाला साकडं घालत होता. मोठी आग नको देवा, एखादा उकिरडा पेटला तरी चालेल.)

"बाबा," मॅबेल म्हणाली, "तू घाबरलास?"

"छे!"

"मग माझा हात पिळतोस कशाला?"

नर्स आयरिसनं त्याला चहाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं. "हिला मांडीवर घ्या आणि नजर तिकडे भिंतीकडे."

"हिची?"

"तुमची."

ग्लेन भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर जुन्या नगराध्यक्षांचे फोटो होते. एवढ्या आपुलकीनं त्यांच्याकडे आजवर कुणीच पाहिलं नसेल. तेवढ्यात आयरिस म्हणाली, "झालं!" मॅबेल टुणकन खाली उतरली. ग्लेननं सुटकेचा निश्वास टाकून मान वळवली, आणि नेमकी समोर सुई. शेजारी कापसावर लाल ठिपका.

कॅप्टन आडवा झाला. खाली जाताना दोन खुर्च्या आणि जॅम लावलेल्या स्कोनचं आख्खं ताट घेऊन गेला.

आयरिसनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पण रुग्णवाहिका शेजारच्या गावातून यायची. ती येईपर्यंत रुग्णाजवळ पोचायचं काम, मुलाबेनच्या रीतीप्रमाणे, अग्निशमन दलाचं. दलाला निरोप गेला. दलाला म्हणजे अर्थात कॅप्टनच्याही कमरेला.

पेजर कर्कश वाजला. इतक्या वर्षांची सवय! ग्लेनचे डोळे उघडले, हात पेजरकडे गेला. नगरभवन, पुरुष, बेशुद्ध. डोकं अजून जागेवर आलं नव्हतं, पाय मात्र आले होते. "आलोच!" असं ओरडून तो जो सुटला, तो रस्ता ओलांडून थेट समोरच्या दलाच्या शेडमध्ये.

दलातला शेन तिथं एका पायात गणवेशाची विजार चढवत होता. "कुठं आहे, कॅप्टन?"

"नगरभवनात! माणूस कोसळलाय!"

"कोण?"

"कोणी का असेना, चल! ऑक्सिजन घे!"

"कॅप्टन, तुझ्या केसात जॅम आहे."

"इथं माणूस मरायला टेकलाय आणि तू जॅमचं काय घेऊन बसलास!"

भोंगा वाजवत ती लालभडक गाडी रस्ता ओलांडून नगरभवनाच्या दारात आली. सगळ्यांत आधी उडी मारून ग्लेन आत घुसला. "बाजूला व्हा! रुग्ण कुठं आहे?"

सगळं नगरभवन त्याच्याकडेच बघू लागलं.

"पळून गेला," आयरिस म्हणाली.

"कुठल्या दिशेला?"

"समोरच्या शेडकडे," मॉरीन शांतपणे म्हणाल्या. "पण आता परत आलाय."

शेननं मोडक्या खुर्च्या पाहिल्या, जमिनीवरचा जॅम पाहिला, कॅप्टनचे केस पाहिले आणि ऑक्सिजनचा सिलिंडर मिठीत घेऊन तो मटकन खाली बसला. हसता हसता त्याचा श्वास अडकला, तेव्हा तो ऑक्सिजन अगदीच वाया गेला नाही.

ग्लेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी एक आशा होतीच. "आयरिस, मॅबेलची लस...?"

"झाली. नोंदही केली. मदत चालू राहील."

"म्हणजे सोमवारी पाळणाघर! मॉरीन, तुम्हाला उगाच त्रास नको आता."

"त्रास कसला? पोरीची मला काळजीच नाही. तिला सुई टोचली तेव्हा हूं की चूं केलं नाही तिनं." मॉरीननी हाताचं पीठ झटकलं. "पण डोक्याला एवढं टेंगूळ आलेल्या माणसाला एकटं कसं ठेवायचं? आणते कॅराव्हॅन."

"आजी," मॅबेलनं विचारलं, "बाबाला सांभाळायचे सरकार पैसे देतं?"

"त्याच्या सगळ्या सुया झाल्या असत्या तर दिलेही असते गं."

हे ऐकून आयरिसनं ग्लेनचं खरचटलेलं कोपर उचलून पाहिलं. "खुर्चीचा खिळा लागलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?"

नगराध्यक्षांच्या फोटोंकडे बघत ग्लेननं अंगठा हळूच कमरेकडे सरकवला.

"आजी, बघ हं," मॅबेल म्हणाली. "आता पेजर वाजणार."