नसेल तरच बनव!

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती! नियम माझा होता, हे कबूल. पण नियम चोख होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो!

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बांधायचं काम मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची यादी, करते. बटण दाबलं की ती माझ्या कॉम्प्युटरवर एकेक फाइल बनवते, सगळ्याचं गाठोडं बांधते आणि गिऱ्हाइकाकडे पाठवते. फक्त एक खोड होती. ती दर वेळी सगळ्या फाइली नव्याने बनवायची. आमच्या टेस्टरबाई सकाळभर खपून तपासणीसाठी एखाद्या फाइलीत काही भरायच्या आणि मी बटण दाबलं की सगळं सफाचट! मग त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. ते जास्त वाईट.

म्हणून मी स्क्रिप्टला एका ओळीत शिस्त लावली. फाइल नसेल तरच बनव. असेल तर हात लावू नको!

"आणि असलेली फाइल चुकीची असेल तर?" टेस्टरबाईंनी विचारलं.

"बाई, तुम्हाला खुसपटं काढायचा पगार मिळतो का हो?"

"हो," त्या म्हणाल्या. "त्याचाच मिळतो."

मी दुर्लक्ष केलं. नव्या कल्पनेला लोक आडवे येतातच.

त्या आठवड्यात काम होतं एका दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या पेशंटना भेटीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर आपोआप संदेश जाणार होता. संदेशाचा मजकूर एका फाइलीत. आमच्या सासूबाईही त्यांच्याच पेशंट. मीच मोठ्या तोऱ्यात तिकडे पाठवलं होतं, "आई, आता तिथलं सगळं माझंच सॉफ्टवेअर!"

घरी तेव्हा सगळं सासूबाईंवर अडून होतं. सोमवारपासून बायको पुन्हा नोकरीवर जाणार होती आणि आमच्या छोटीला सांभाळायला सासूबाई राहायला येणार होत्या. दाढेचं काम उरकलं की लगेच. बायको रोज बजावत होती, "आईला दुखवू नकोस हं. ती आली नाही तर माझी नोकरी गेली म्हणून समज!"

मी कशाला दुखवतोय? उलट त्या दिवशी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला, तो मी संपूर्ण ऐकला! पाळणा खिडकीजवळ का नको, पंखा किती का नको, मुलीला कडेवर घेताना मी कसा दिसतो... कान तापला तरी मी "हो आई, हो आई" करत राहिलो. फोन ठेवला आणि समोर ती संदेशाची फाइल उघडी. चालते का ते बघायला काहीतरी टाकायचंच होतं. मी मनातलं टाकलं:

"सासूबाई, कृपा करून आता तोंड बंद ठेवा! आपला नम्र, जावई."

फाइल चालली. हायसं वाटलं. मग ती फाइल जिच्यातून बनते त्या स्क्रिप्टमध्ये खरा, सभ्य मजकूर लिहिला, बटण दाबलं. स्क्रिप्ट म्हणाली, "फाइल आहे. हात लावला नाही." किती आज्ञाधारक, म्हणून मी तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि गाठोडं रवाना झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "अहो, हा काय चावटपणा आहे? पेशंट खुर्चीत बसलेत आणि तोंड उघडत नाहीत!"

"का?"

"दवाखान्याच्या नावाने सूचना आली म्हणतात, तोंड बंद ठेवा! एक निवृत्त फौजदार बाहेर ओरडतायत, मी कोणाची सासू? आणि माझं अजून लग्न झालेलं नाही हो, हा जावई कोण?"

तो माझाच कालचा मजकूर होता! पण मी डगमगलो नाही! लगेच स्क्रिप्टमधला मजकूर बदलला. "कालचा संदेश चुकून गेला. मनापासून क्षमस्व." बटण दाबलं. गाठोडं रवाना. "डॉक्टर, आता डोळे झाकून सगळ्यांना पाठवा!"

डॉक्टरांनी डोळे झाकून पाठवलं.

मी काय करणार? फाइल होती! स्क्रिप्टने हात लावला नाही! सासूबाईंसकट सगळ्या पेशंटना तोच संदेश पुन्हा गेला! टेस्टरबाई येऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी मुकाट्याने ती फाइल उडवली, पुन्हा बटण दाबलं आणि क्षमापत्र एकदाचं निघालं. पण तोवर बायकोचा फोन वाजला होता.

"आईला काय पाठवलंस तू? तेही दोनदा?"

घरी पोचलो तर सासूबाई कोचावर ताठ बसलेल्या. ओठ घट्ट मिटलेले. दाढेमुळे की माझ्यामुळे, कळायला मार्ग नाही. बायको छोटीला घेऊन रडकुंडीला आलेली. आता हिची नोकरी माझ्या जिभेवर होती!

"आई, ऐकून तर घ्या! अहो, ती फाइल आधीच तिथे होती. आमच्याकडे नियमच आहे. नसेल तरच नवी बनते. आधीची असली की मी कितीही चांगलं लिहू दे, तिला हात लागत नाही!"

सासूबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. मग हळूच तोंड उघडलं.

"म्हणजे आधीचं असलं की नवं बनतच नाही?"

"नाही आई! अजिबात नाही!"

"मग काळजी नको जावईबापू. तुमच्याबद्दलचं माझं मत लग्नाच्या मांडवातच बनलं होतं. ह्या संदेशाने त्याला जराही हात लागलेला नाही. सोमवारी सकाळी येते मी."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ, किती समजूतदार आहे माझी आई!"

समजूतदार! अहो, मी इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी काय काय केलं, ते सगळं गेलं कुठे? दुसऱ्या दिवशी न राहवून टेस्टरबाईंना विचारलं, सासूच्या डोक्यातली अशी जुनी फाइल उडवायची कशी? त्या पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत असतं तर माझ्या सासूबाईंकडे नसती का उडवली?"