मोरेश्वरभाऊंचं खोरं

मोरेश्वरभाऊ लग्नालाही पाठीवर सॅक लावून येतात. नागभीडला माझ्या पुतणीच्या लग्नात ते तसेच अक्षता टाकायला उभे राहिले. ते वळले की मागचा पाहुणा हेलपाटायचा. नवरदेवाच्या मामांनी अदबीनं विचारलं, "सामान खोलीत ठेवू का, भाऊ?"

"राहू द्या. तांदूळ आहे त्याच्यात. वजनाचा सराव करून राह्यलो."

मामांना वाटलं, आहेर आहे. ते सॅक सोडवायलाच लागले आणि मला मध्ये पडावं लागलं.

चंद्रपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वहिनी वारल्या, मुलगी हैदराबादला. भाऊ वीज खात्यात लाइनमन होते. आलापल्लीच्या पुढे एका टेकडीवर खांबावर चढले असताना त्यांना लांब एक खोरं दिसलं होतं. चारही बाजूंनी डोंगर, मधे वाडग्यासारखी हिरवी जागा. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिथे जायचं आणि एक रात्र तंबूत राहायचं, हे त्यांनी निवृत्तीनंतर ठरवलं. सोबत मी असणार, हेही त्यांनीच ठरवलं.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी आमच्याकडे तयारीचं बोलायला येतात. चहात साखर घातली की म्हणतात, "खोऱ्यात हे चालत नाई." बायकोनं भजी तळली तरी तेच, आणि मग ताट रिकामं करतात. एकदा त्यांनी तंबू आमच्या बैठकीतच उभा केला. चेन अडकली. अशा वेळी माणसानं घाबरू नये, असं ते आतून मला समजावत राहिले. मी घाबरलो नव्हतो. मला बातम्या बघायच्या होत्या.

वाटेत खायला म्हणून त्यांनी वांग्याच्या फोडी आमच्या गच्चीवर वाळत घातल्या. वानरांनी त्या फस्त केल्या.

"म्हणजे चव जमली," भाऊ खूश होऊन म्हणाले.

निघणं मात्र होईना. एका वर्षी नाल्याला पाणी फार, पुढच्या वर्षी पाणीच नाही. मग गवत उंच वाढलं. मग बूट चावायला लागला. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन या ना एकदाचे. माझी बैठक मोकळी होऊ द्या."

मी वैतागून रजा टाकली, जीप ठरवली, डोंगराखालच्या गावातला एक वाटाड्या फोनवर पक्का केला आणि भाऊंना सांगितलं, "परवा निघायचं."

"इतक्या लवकर?" ते म्हणाले.

जीपमध्ये ते गप्प होते. सागवानाचं जंगल आलं, मागे गेलं, तरी गप्पच. इतकी वर्षं ही शांतता मागत होतो, पण ती काही मला मानवेना. गावात मुक्काम करून सकाळी वाटाड्यामागे चढायला लागलो. धापा मीच टाकत होतो. भाऊ आरामात होते. पण खिंड हाताशी आली आणि ते एका दगडावर बसले. खिंडीपलीकडे खोरं होतं.

"काऊन भाऊ, पाय दुखून राह्यले का?"

"नाई."

"मग चला ना. एवढ्यासाठी माझं डोकं खाल्लं तुम्ही."

त्यांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "पाहून झालं की संपलं. मंग संध्याकाळी तुमच्याकडे कोणत्या कामानं येऊ?"

"यायले काम कशाले पाहिजे?"

"तसं बरं नाई दिसत," ते खाली बघत म्हणाले. "रोज रोज, रिकाम्या माणसानं."

मी त्यांच्या दंडाला धरून उठवलं. वर गेलो. खाली मोहाच्या झाडांतून ओढा वाहत होता, त्यावर धुकं रेंगाळत होतं. भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "झालं."

समोरच्या कड्यामागे अजून एक निळसर डोंगर दिसत होता. बोललो तर घरी काय सुरू होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. बायको काय म्हणेल, तेही.

"भाऊ," मी विचारलं, "त्या डोंगरामागं काय असन?"

त्यांनी डोळे बारीक करून तिकडे पाहिलं.

"जाऊन पाहा लागन," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी येतो. बसून ठरवू."