एजंटाच्या दारात धरणं

'दैनिक सह्यकिरण'मध्ये संप झाला, तेव्हा धसईचा वार्ताहर रत्नदीप याला एकच गोष्ट हवी होती. आपल्याला कामगार म्हणावं. गावोगावचे वार्ताहर कामगार नाहीत, हौसेने लिहितात, असं मालक म्हणायचे. युनियन म्हणायची, कामगारच. म्हणून १९९६च्या त्या संपात तालुक्यात सर्वांत आधी रत्नदीपने बातम्या बंद केल्या.

पण व्यवस्थापकांनी चार पानांचा का होईना, अंक काढला. मग युनियनचा हुकूम आला. एसटीने येणारा अंकांचा गठ्ठा गावच्या पेपर-एजंटाला उचलू देऊ नका.

धसईची एजन्सी रत्नदीपच्या बायकोच्या, वंदनाच्या नावावर होती. बातम्या देणं आणि पेपर विकणं ही दोन्ही कामं एकाच माणसाला मिळत नसत, म्हणून पुष्कळ गावांत अशीच सोय असे. युनियनमध्ये मात्र एजंटाच्या घरचा माणूस चालत नसे. रत्नदीप तिथे याबद्दल कधी बोलला नव्हता.

"गठ्ठा उचलू नको गो," त्याने वंदनाला सांगितलं.

"आनि एजन्सी लडकू दुकानदाराला जाऊ दे? संप तुमचा हाय. माझा नाय."

रत्नदीपने युनियनच्या ठाण्यातल्या ऑफिसला फोन लावला. "साहेब, इथली एजंट ऐकत नाय. लय हट्टी बाई हाय."

"मी येतो," युनियनचे सेक्रेटरी तांडेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांडेल झेंडा घेऊन आले आणि दोघेही एजंटाच्या, म्हणजे रत्नदीपच्याच, दारात धरणं धरून बसले.

"वंदनाबाई, हाय हाय!" तांडेल ओरडले. रत्नदीप पुटपुटला.

"आवाज काढा हो! घाबरता काय तिला?"

"थोडा."

शेवटी त्याने आवाज काढला. तशी वंदना बाहेर आली. "वरडून झालं की म्हस सोडा."

"ही बाई तुम्हाला कामं कशी सांगते?" तांडेलांनी विचारलं.

"ती सगल्यांनाच सांगते, साहेब."

दुपारी वंदनाने तांडेलांपुढे भाकरी आणि सुकट ठेवली. "तुमी पावने. जेवा." रत्नदीपपुढे काहीच आलं नाही. त्याने भाकरीकडे हात नेला. "माझ्या नावानं बोंबलनाऱ्याला मी का वाढू?" वंदना म्हणाली.

तांडेलांनी पहिला घास उचलला, तोच शेजारचा गोमा वाटेने आला. "काय रे रत्न्या, बायकोनं घराभायेर काढलं का काय?"

तांडेलांचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा रत्नदीपकडे पाहिलं, एकदा वंदनाकडे. मग जेवण पूर्ण केलं, वर ताक मागून घेतलं, हात धुतले, झेंडा गुंडाळला आणि रत्नदीपला युनियनमधून काढल्याचं जाहीर केलं.

पुढच्याच आठवड्यात युनियन जिंकली. गावोगावचे वार्ताहर कामगार ठरले, त्यांना कार्डं मिळाली. रत्नदीपला मालकांनी संपवाला म्हणून काढलं आणि युनियनने एजंटाचा नवरा म्हणून त्याची बाजू घेतली नाही.

धसईला नवा वार्ताहर हवा होता. संपात एकही दिवस गठ्ठा न सोडणाऱ्या वंदनाबाईंवर व्यवस्थापक खूश होते. त्यांनी तिलाच नेमलं. नियमाप्रमाणे एजन्सी नवऱ्याच्या नावावर गेली.

आता वंदना ओटीवर बसून बातमी सांगते आणि रत्नदीप लिहितो. लांबली की ती कापायला लावते. परवा किन्हवलीचा एक माणूस कबड्डीच्या सामन्यांची बातमी घेऊन आला. वंदना आत चहा ठेवायला गेली, तेव्हा त्याने रत्नदीपला विचारलं, "तुमी बाईंचे कोन?"

रत्नदीपने बातमीसाठी कागद पुढे ओढला.

"कामगार," तो म्हणाला.