टण म्हणजे हो

निर्णय घ्यावा तर माझ्यासारख्या बाईने! वाद नाही, आवाज नाही. मुळात सकाळी अकरापर्यंत मी बोलतच नाही. हे गेल्यापासूनचा नऊ वर्षांचा नेम आहे. उठल्यापासून अकरापर्यंत मौन. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. "घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे नेम मोडायचीही सोय नाही तुझी," असं थोरली म्हणते. जीभ बापावर गेली आहे.

तर यंदा दोन्ही मुलांना घेऊन चार दिवस बर्फात जायचं मी ठरवलं. तिघं एका टेबलाशी बसून तीन वर्षं झाली होती. मला मेलीला बर्फाचं काय कौतुक? पण "घरी या" म्हटल्यावर दोघं "बघू" म्हणाली होती आणि "बर्फ" म्हटल्यावर "हो" म्हणाली!

ठिकाणं दोन होती. डोंगर एकच, एक वरचं, एक खालचं. वरचं म्हणजे सरळ कडे. पायाला स्कीच्या फळ्या बांधल्या की माणूस थेट पुढच्या जन्मात! खालचे उतार घसरगुंडीएवढे, आणि शेजारी गरम पाण्याचे तलाव. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. वर्षभर लोकांना वर पाठवतो, त्यामुळे सुट्टीत त्याला स्वतः वर जायचं होतं. थोरली नर्स. वर्षभर उभी असते, त्यामुळे तिला नुसतं बसायचं होतं, तेही गळ्यापर्यंत पाण्यात.

दोघांचे फोन नेहमी साडेआठ ते नऊमध्ये येतात. आई बोलत नाही, म्हणजे तीन मिनिटांत काम आटपतं! हे मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या भिंतीवर घड्याळ आहे. उत्तर देण्यासाठी मी वाटीवर चमचा वाजवते. एक टण म्हणजे हो, दोन टण म्हणजे नाही.

आधी धाकट्याचा फोन आला. "आई, वरचंच घेऊ या ना? ताईला तू सांग, तुझं ऐकते ती. सांगशील?"

टण.

मग थोरलीचा. "आई, खालचंच बरं. छोट्याला तू समजाव. चालेल ना?"

टण.

आता दुसऱ्या टणसाठी हात पुन्हा उचलायला हवा की नको? नऊ वर्षांत तो दुसऱ्यांदा उचललेला नाही. मुलं आपण होऊन फोन करतात, त्यांच्या कानात 'नाही' कसं वाजवायचं!

अकरा वाजल्यावर मी दोघांना फोन लावला. धाकटा कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात होता, थोरली वॉर्डात. शेवटी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "दोघांचं ऐकलं. तुम्ही बोलून घ्या. तिघांचंच तर जमवायचं आहे, जमेल. एकत्र जाऊ!" पाच मिनिटांत दोन अंगठे आले. मी निश्चिंत!

थोरलीला वाटलं, आईने छोट्याला वळवलं. धाकट्याला वाटलं, आईने ताईला पटवलं. आणि मला वाटलं, भावंडं आपसात बोलली. तीन माणसं, तीन समजुती, आणि बोललं कोणीच नाही!

पुढच्या आठवड्यात धाकट्याकडून खोकं आलं. जाड विजार, चष्मा आणि हेल्मेट. दुसऱ्या दिवशी थोरलीकडून पुडकं आलं. पोहण्याचा पोशाख आणि रबरी सपाता. बर्फात पोहायचं? असेल बाई! आजकाल अशा ठिकाणी सगळंच मिळतं. संध्याकाळी हेल्मेट घालून पाहिलं आणि त्याचा पट्टा अडकला तो सुटेचना! दिव्याची वेळ टळायला नको म्हणून त्या दिवशी देवापुढे दिवा हेल्मेट घालूनच लावला. देवाने ओळखलं असावं.

तिकिटंही दोन आली. दोघांनी काळजीपोटी काढली, एक जास्त झालं, असं समजून मी सुखावले. तारखा, वेळा सारख्याच होत्या. गावाचं नाव कोण वाचतो!

जायच्या दिवशी सकाळी सातला बसस्थानकावर पोहोचले. खिडकीतल्या माणसाला दोन्ही तिकिटं दाखवली.

"मावशी, या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत, एक वरच्या गावाची, एक खालच्या. किती जणी आहात?"

मी एक बोट दाखवलं.

"मग कोणत्या गाडीत बसणार?"

मी दोन बोटं दाखवली.

"अहो, आत्ता एक म्हणालात ना!"

मागची रांग सरसावली. "ऐकू येत नसेल त्यांना! मोठ्याने बोला!" खिडकीवाला असा ओरडला की छतावरची कबुतरं उडाली. मी चमच्यासाठी पिशवी चाचपू लागले, तर एक बाई म्हणाली, "गोळी शोधतायत, पाणी आणा!" पाणी आलं. खुर्ची आली. माझा मात्र निर्णय येईना.

वरची गाडी पकडली तर खाली थोरली एकटी. खालची पकडली तर वर धाकटा एकटा. शेवटी खिडकीवाला दमून म्हणाला, "दोन्ही गाड्या फाट्यापर्यंत एकाच रस्त्याने जातात, कोणतीही घ्या!" मी त्याला हात जोडले, पहिली दिसली तिच्यात चढले आणि फाट्यावर उतरले.

फाटा म्हणजे पत्र्याची शेड, एक शेगडी आणि जमिनीला ठोकलेल्या चार खुर्च्या. बाकी चहूकडे पांढरं. दीड तास मी आणि माझी बॅग शेजारी शेजारी बसलो होतो. अकराला ग्रुपवर लिहिलं, "मी फाट्यावर आहे. दोघं या."

बाराला वरून एक गाडी आली, खालून एक, आणि सकाळीच आपापल्या ठिकाणी पोहोचलेली दोघं उतरली.

"छोट्या? तू खाली येणार होतास ना?"

"मी? ताई, तू वर येणार होतीस! आईने सांगितलंय!"

दोघं माझ्याकडे वळली.

"मी कुठे काय सांगितलं? मी फक्त टण केलं."

आधी दोघं भांडली. मग धाकट्याला हसू फुटलं, मग थोरलीला. बसली ना दोघं खुर्च्यांवर! माझ्याकडची बिस्किटं फोडली. थोरलीने त्याचे भेगाळलेले हात ओढून घेतले आणि मलम चोळलं. "ताई, केस पिकले की गं तुझे!" "तुझं पोट बघ आधी!" मी मध्ये बसले होते. बोलायला मोकळी होते, पण मध्ये शिरवेना.

मग थोरलीने घड्याळ पाहिलं, बारा चाळीस. तेवढ्यात मी धीर केला. "मला वर नको, खाली नको. तुम्ही दोघं एका टेबलाशी हवी होतात."

मग धाकटा हळूच म्हणाला, "आई, आधी सांगायचंस ना!"

दोन्हीकडे खोल्या भरलेल्या, बदल होत नव्हता. मग दोन दिवस आई वर, दोन दिवस खाली, असं ठरलं. तीन वर्षं ज्यांना वेळ जमला नाही, त्यांना मला वाटून घ्यायला दोन मिनिटं पुरली!

वर धाकटा दिवसभर उतारावर असायचा. मी खिडकीतून खालचं ठिकाण बघत बसायचे. खाली थोरली पाण्यातून आली की झोपायची. मी खिडकीतून वरचं बघायचे.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "काय, सुट्टी कशी झाली?"

"छान झाली," मी म्हटलं. "चाळीस मिनिटं."